पत्त्यांच्या गावी मुक्काम : सावंतवाडीची गंजिफा आणि संग्राहकाची वाट (दीर्घ थ्रेड)

एक खेळ असा होता, की त्यात पहिली उतारी कोणी करायची हे सूर्य ठरवीत असे. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हातात रामाचा पत्ता तो आरंभ करी. दिवेलागण झाल्यावर मांडला तर तो मान कृष्णाच्या पत्त्याकडे जाई. पत्ते चौकोनी नव्हते, वाटोळे होते. एका संचात ५२ नव्हे, १२० पत्ते. या खेळाचे नाव गंजिफा, आणि महाराष्ट्रात त्याचे माहेर म्हणजे सावंतवाडी.

हा थ्रेड गंजिफाच्या इतिहासाचा आहे. मात्र तो एका अगदी व्यवहारी प्रश्नापासून सुरू होतो : खेळाच्या जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या माणसाने त्या वस्तूंच्या गावी गेल्यावर उतरावे कोठे?

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जुगारगृहांतील चकत्या, फासे आणि पत्ते जमविणाऱ्यांचा तेथे १९८८ पासून एक क्लब आहे आणि त्यांची मोठी वार्षिक संमेलने लास वेगासमध्ये भरत आली आहेत. या शहरात खेळ, प्रदर्शन आणि निजण्याची खोली एकाच छपराखाली मिळते. उतारूने हॉटेल सोडून बाहेर जाऊच नये, अशा बेताने ते शहर बांधले गेले. गंमत अशी, की संग्राहकांना सर्वांत प्रिय असलेल्या चकत्या बहुधा आज अस्तित्वात नसलेल्या हॉटेलांच्या असतात. ‘ड्यून्स’ १९९३ मध्ये आणि ‘सँड्स’ १९९६ मध्ये सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. खोल्या गेल्या, चकत्या उरल्या.

आपल्याकडे खेळ आणि मुक्काम यांची सांगड गोव्याने घातली, तीही कायद्याने. गोव्याचा सार्वजनिक जुगारविषयक कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळाला मुभा मिळाली आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांनाही ती मिळाली. मांडवीच्या पात्रातील झगमगाट त्यातून आला. जमिनीवर मात्र खेळायचे तर छप्पर पंचतारांकित हवे. खेळाची परवानगी हॉटेलच्या दर्जाला बांधलेली, असा हा विलक्षण प्रकार आहे.

महाराष्ट्राची कथा उलटी. १९७६ मध्येच येथे कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांचा कायदा संमत झाला, पण तो अमलात कधी आलाच नाही. तब्बल ४७ वर्षे कागदावर पडून राहिलेला तो कायदा रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. मीरा-भाईंदरसह साऱ्या राज्यात आजही १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदाच चालतो. त्यात एक मोलाची सूट आहे : जो खेळ केवळ कौशल्याचा, त्याला हा कायदा लागू नाही. ही सूट ध्यानात ठेवावी, गंजिफाच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

तेव्हा महाराष्ट्रातील संग्राहकाचे तीर्थ कॅसिनो असू शकत नाही. ते आहे मोती तलावाच्या काठचा एक राजवाडा.

आता मूळ कथेकडे. ‘गंजिफा’ हा शब्द फारसीतून आला. पत्त्यांचा उगम चीनकडे दाखविला जातो. तेथून ते इराण आणि अरब मुलखांत पोहोचले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातील पत्त्यांचा एक जुना संच आहे. त्याची रचना ५२ पत्ते आणि ४ रंग अशी, म्हणजे युरोपीय पत्त्यांच्या अगदी जवळची. थोडक्यात, आज आपण ज्यांना ‘इंग्रजी पत्ते’ म्हणतो ते आणि गंजिफा ही दूरची भावंडे ठरतात. एक शाखा पश्चिमेला गेली, दुसरी पूर्वेला आली.

हिंदुस्थानातील पहिला स्पष्ट उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ मध्ये त्याने सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठविले. शाह हसनला त्यांची आवड होती आणि त्याने ते मागविले होते, एवढीच ती नोंद. पानिपतची लढाई होऊन जेमतेम वर्ष उलटले होते, खानव्याची तर नुकतीच संपली होती, आणि अशा धामधुमीत बादशहा पत्ते पाठवीत होता! पुढे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातील गंजिफाचे सविस्तर वर्णन केले.

मोगली गंजिफात ८ रंग, प्रत्येक रंगात १२ पत्ते, एकूण ९६. त्यांची नावे वाचली की एखाद्या राज्यकारभाराचा तक्ताच डोळ्यांसमोर येतो : ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे सेवक, चंग म्हणजे तंतुवाद्य, बरात म्हणजे सरकारी हुंडी, किमाश म्हणजे मालमत्ता, शिवाय सोन्याचे नाणे आणि रुप्याचे नाणे. खजिना, फौज, दफ्तर, कोठी, सारे काही पत्त्यांत. सोन्याचे नाणे सूर्याचे, म्हणून दिवसाची उतारी त्याची. रुप्याचे नाणे चंद्राचे, म्हणून रात्रीची उतारी त्याची. राम आणि कृष्ण यांचा मघाचा नियम येथून आला असावा, असे मानायला भरपूर जागा आहे.

कारण हा खेळ हिंदू दरबारांत शिरला तेव्हा त्याची चौकट तशीच राहिली, चित्रे मात्र बदलली. आठ खात्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दर रंगात १ ते १० आकड्यांचे पत्ते, वर राजा आणि प्रधान, असे १२. दहा अवतारांचे मिळून १२०. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही पत्ता कळावा, अशी ही सोय. प्रांतागणिक फरकही पडले. ओडिशात नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ बसला. बंगालमधील विष्णुपूरला मल्ल राजांच्या आश्रयाने स्वतंत्र घाट घडला. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी तर हौसेने ३६० पत्त्यांपर्यंतचे संच योजले. ते खेळायला गडी कोठून मिळत, हा प्रश्नच आहे.

सावंतवाडीत गंजिफा आली कशी? परंपरा असे सांगते, की तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, तेलंगणाकडून आलेल्या विद्वानांकरवी हा खेळ दरबारात पोहोचला आणि तेथील चितारी मंडळींनी पत्ते रंगविण्याची कला आत्मसात केली. आजचा राजवाडाही त्याच खेम सावंतांच्या काळातला. लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेली सावंतवाडीची चितार आळी या चितारी घराण्यांच्या नावानेच ओळखली जाते. लाखकाम आणि लाकूडकाम हाताशी असलेल्या या कारागिरांना वाटोळा पत्ता परका वाटण्याचे कारण नव्हते.

पत्ता घडविणे हे मात्र सोपे काम नव्हे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. मग वर्तुळे कापायची, पाठ एकाच रंगाने लाखेत रंगवायची आणि समोरच्या बाजूस चित्र काढायचे. पाठ सर्व पत्त्यांची अगदी एकसारखी हवी, नाहीतर खेळात लबाडीला वाव मिळतो. असे १२० वेळा. शेवटी सरकत्या झाकणाची रंगीत लाकडी पेटी. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीचेही संच होत. त्यांना ‘दरबारी’ म्हणत, साध्यांना ‘बाजारी’. आज संग्रहालयांत बहुतेक दरबारी संच दिसतात. बाजारी पत्ते खेळून खेळून झिजले आणि गेले, हे स्वाभाविकच.

खेळाचे स्वरूपही पाहावे. साधारणपणे तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला ४० पत्ते. हुकूम नाही. राजा सर्वांत वरचा, त्याखाली प्रधान. पण निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का वरचढ, असा उलटसुलट क्रम. उतरलेले पत्ते पालथे पडत जातात. कोणत्या अवताराचे किती पत्ते गेले, कोणाकडे काय उरले असेल, हे सारे डोक्यात ठेवायचे. दैवाचा भाग वाटपापुरता, पुढचा डाव स्मरणशक्तीचा. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविले, तेव्हा नेमके हेच कारण दिले होते : पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. रमीला जे लागू, ते गंजिफाला दामदुपटीने लागू व्हावे.

तरीही गंजिफा हरली. कायद्यापुढे नव्हे, छापखान्यापुढे. पोर्तुगीजांबरोबर युरोपीय पत्ते या किनाऱ्यावर आधीच आले होते. आजच्या मीरा-भाईंदरचा मुलूख १७३९ च्या वसई मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांच्या साष्टीत मोडत होता, घोडबंदरच्या कोटावर त्यांचे निशाण होते. पण पत्त्यांच्या बाबतीत निर्णायक घाव बसला तो १९ व्या शतकात, यंत्रावर छापलेले स्वस्त युरोपीय पत्ते बाजारात आल्यावर. ५२ पत्ते, खिशात मावणारे, भिजले तर नवे घ्यावेत इतके स्वस्त. हाताने रंगविलेले १२० पत्ते त्यांच्याशी काय स्पर्धा करणार? आश्रयदाते दरबारही आटत गेले. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे गंजिफा जाणणारे कलावंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

येथे कथेला वळण मिळते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला वाचवायचे मनावर घेतले. पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत तेव्हा हयात होते. त्यांच्याकडून राजाराणींनी स्वतः हे काम शिकून घेतले. क्षणभर या दृश्याचा विचार करावा. दोन शतके चितारी राजवाड्याच्या आश्रयाला होते, आता राजवाडा चिताऱ्यांसमोर शिष्य म्हणून बसला. १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने कारखाना सुरू झाला आणि जुन्या दरबार दालनात स्थानिक तरुण कलावंत पत्ते रंगवू लागले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. तोवर त्यांच्या हाताखाली कलावंतांची नवी फळी तयार झाली होती.

त्याच सुमारास मुंबईत एक गृहस्थ हे पत्ते झपाटल्यासारखे अभ्यासत होते. रुडॉल्फ फॉन लायडन हे त्यांचे नाव. जन्म १९०८, जर्मनीत. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली ते मुंबईस आले आणि पुढे कलासमीक्षक म्हणून प्रसिद्धी पावले. हुसेन, रझा, सूझा या ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकारांना आरंभी ज्यांनी पाठबळ दिले त्यांतले ते एक. भारतीय पत्त्यांवरचे त्यांचे काम आजही आधारभूत मानले जाते. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफाचे प्रदर्शन झाले, त्याचा ग्रंथ त्यांचाच. आधुनिक चित्रकलेचा हा पुरस्कर्ता खेळाच्या जुन्या पत्त्यांत आयुष्याची इतकी वर्षे घालवतो, याचे आपल्याकडच्या कलाजगताला पुरेसे नवल वाटलेले दिसत नाही.

आता मुक्कामाचा प्रश्न. जुन्या काळी सावंतवाडी गाठणे म्हणजे दोन टप्प्यांचा प्रवास. मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ले बंदर आणि तेथून पुढे बैलगाडीने किंवा मोटारीने वाडी. उतरायला धर्मशाळा, देवळाची ओसरी, किंवा ओळखीचे घर. ओळखीच्या घरी उतरलेल्या पाहुण्यासमोर रात्री पत्ते निघाले, तर ते विकत घ्यायचे नसून खेळायचे असत.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि हे अंतर एका रात्रीचे झाले. पश्चिम उपनगरांतील कोकणी माणसाला मात्र दादर किंवा ठाणे गाठावे लागे. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे–मडगाव गाडी बोरिवली, वसई रोडमार्गे सावंतवाडीला जाऊ लागली. मीरा-भाईंदर या दोन स्थानकांच्या मधोमध आहे, आणि तेथे सिंधुदुर्गातील चाकरमान्यांची वस्ती किती आहे हे गणपतीच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या होणाऱ्या इमारतींना विचारावे. सावंतवाडी रोड हे स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर आहे, एवढे ध्यानात ठेवून रिक्षाची तजवीज करावी.

आणि उतरावे कोठे? अलीकडच्या काही वर्षांत खुद्द राजवाड्याच्या आवारात भोसले घराण्याच्या नव्या पिढीने मोजक्या खोल्यांचे हॉटेल उघडले आहे. त्या खोल्यांची सजावट दशावतारी गंजिफावरून घेतलेली आहे. पाहुणा निजतो तो एखाद्या अवताराच्या चित्रछायेत आणि सकाळी उठून दरबार दालनात जातो, तर तेथे त्याच अवताराचा पत्ता कोणीतरी बारीक कुंचल्याने रंगवीत असते. लास वेगासने साधलेली गोष्ट येथेही साधली आहे, फक्त हेतू वेगळा. तेथे खोली स्वस्त ठेवून माणसाला खेळाच्या टेबलाकडे वळवितात. येथे खोलीच्या भाड्याने कलावंताच्या कामाला हात लागतो.

सर्वांना राजवाड्याचे भाडे परवडेल असे नाही. विद्यार्थ्याने मोती तलावाच्या परिसरातील साधे लॉज पाहावे किंवा नातेवाइकांचे घर गाठावे. त्याचे काही बिघडत नाही, राजवाडा पाहायला मुक्काम तेथेच असण्याची अट नाही. तलावावरून राजवाडा चालत गाठता येतो, चितार आळीही लांब नाही. एक दिवस अधिक असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तेथे ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे आणि तिच्या सेवेबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कोणत्या दिवसांत जावे, याला मात्र इतिहासाच्या दृष्टीने एकच उत्तर आहे : जत्रांच्या हंगामात. कार्तिक उजाडला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापुढे दशावतारी नाटक उभे राहते. सामानाचे पेटारे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या कंपन्यांचा उतारा बहुधा देवळाच्या आसऱ्यालाच असतो. आरंभी आडदशावतार, त्यात संकासुराची फटकेबाजी, मग पहाटेपर्यंत आख्यान. दिवसा जे अवतार तळहाताएवढ्या पत्त्यावर पाहिले, तेच रात्री तोंडाला रंग लावून समोर येतात. वाडीत दशावतारी गंजिफा रुजली ती या मातीत दशावतार आधीच मुरलेला होता म्हणून, हा तर्क त्या रात्री सहज पटतो.

एक बोचरी गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. पत्ते बनतात, विकले जातात, परदेशी जातात. खेळले जात नाहीत. घेणारा ते चौकटीत लावतो किंवा पेटीसकट कपाटात ठेवतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या गंजिफा काचेआड आहेत, ते समजण्यासारखे आहे, संग्रहालयाचे ते कामच. परंतु कालच रंगविलेला संचही थेट काचेआड जावा, ही निराळी बाब. कारागिरी वाचली; जिच्यासाठी ती जन्मली, ती तिघांची बैठक वाचली नाही. खेळाचे नियम पुस्तकांत आहेत, पण उलटसुलट क्रमाचा तो डाव बोटांना सवयीचा असलेली माणसे आता क्वचितच भेटतात.

कॅसिनोच्या चकत्या जमविणाऱ्याची अडचण वेगळी असते. हॉटेल पडले की त्याची चकती निरुपयोगी होते, कारण तिच्यामागचे दुकानच उठलेले असते. गंजिफाचे दुकान उठलेले नाही. चितारी आहेत, राजवाडा आहे, खोल्याही आहेत. १२० पत्त्यांचा पूर्ण संच महाग पडतो हे खरे, पण तिघांनी वर्गणी काढली तर जमण्याजोगा आहे, आणि खेळायलाही तिघेच लागतात. परतीच्या गाडीत तो मांडायचा असेल तर आधी खिडकीबाहेर पाहावे. उजेड असेल तर उतारी रामाची.